आधी श्रोते मोजा, मग प्रक्षेपक बंद करा : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

आकाशवाणीचा मिडियम वेव्हचा, म्हणजेच एएमचा, प्रक्षेपक बंद करायचा विषय निघाला की "आता एएम ऐकतो कोण?" हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न म्हणून तो अगदी योग्य आहे. पण तो विचारणारे उत्तराची वाट पाहत नाहीत, त्यालाच उत्तर समजतात. हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे : ते कसे काढायचे, आजवर ते का निघाले नाही आणि ते हातात येईपर्यंत काय करू नये.

एफएमला आमचा विरोध नाही. २३ जुलै १९७७ रोजी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, आकाशवाणीचे पहिले एफएम प्रक्षेपण सुरू झाले. आवाजाच्या दर्जात मिडियम वेव्ह त्याची बरोबरी करू शकत नाही. मिडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे आवाजाचा वरचा भाग साधारण साडेचार किलोहर्ट्झवर कापला जातो. एफएमवर तो १५ किलोहर्ट्झपर्यंत पोहोचतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर मिडियम वेव्हवर थेट उतरते. मोबाइलमध्ये एएम येतच नाही. लोक एफएमकडे वळले आहेत, हे उघड आहे. किती वळले, कुठे वळले आणि कुठे त्यांना वळताच आले नाही, हे मात्र उघड नाही.

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस एफएमच्या श्रोत्यांनी एएमला मागे टाकले. तिथे श्रोत्यांनी भरलेल्या रोजनिशांमधून हा बदल हंगामागून हंगाम आकड्यांत दिसत होता. आपल्याकडे एकेकाळी निदान रेडिओचे परवाने मोजता यायचे. पोस्टात वार्षिक शुल्क भरावे लागे, त्यामुळे कुठल्या भागात किती संच आहेत याचा अंदाज सरकारकडे असे. ऐंशीच्या दशकात परवाना रद्द झाला. ते योग्यच झाले, पण त्याबरोबर मोजणीचा तो एक धागाही सुटला.

त्यानंतरची नाव घेण्याजोगी नियमित मोजणी म्हणजे २००७ साली सुरू झालेले रॅम (रेडिओ ऑडियन्स मेजरमेंट). मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता ही चार शहरे, प्रत्येक शहरात १२ वर्षांवरील ४८० माणसे आणि हातात कागदी रोजनिशी. त्यात एकही गाव नव्हते. जिथे एफएमची डझनभर केंद्रे खणखणीत लागतात तिथेच मोजायचे आणि त्यावरून परभणीच्या शिवारात काय ऐकले जाते ते ठरवायचे, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. शिवाय खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. त्यामुळे त्या क्रमवाऱ्या मुख्यतः गाण्यांच्या स्पर्धेच्या आहेत. बातम्या, हवामान आणि शेतीसाठी रेडिओ लावणारा माणूस त्यांत शोधूनही सापडणार नाही.

४८० हा आकडाही तपासून पाहावा. एखादे केंद्र नमुन्यातल्या ५ टक्के लोकांनी ऐकले असे आले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरा आकडा ३ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान आहे. त्याच नमुन्यातून फक्त पन्नाशीपुढचे श्रोते वेगळे काढले आणि ते १२० निघाले, तर हीच मर्यादा १ ते ९ टक्के इतकी पसरते. एवढ्या पसाऱ्यात 'या तिमाहीत अर्ध्या टक्क्याने घट' अशा वाक्याला काही अर्थ उरत नाही. चूक एका टक्क्याच्या आत आणायची असेल तर साधारण १,८२५ माणसे लागतात, आणि हे सरळ यादृच्छिक नमुन्याचे गणित झाले. गावांचे गट करून नमुना घेतला तर संख्या आणखी वाढवावी लागते, कारण एका गावातली माणसे एकमेकांसारखी ऐकतात.

रोजनिशीचे स्वतःचेही दोष आहेत. ती बहुधा आठवड्याच्या शेवटी आठवून भरली जाते, म्हणून ज्या केंद्राचे नाव तोंडात बसलेले आहे त्याला जास्त श्रेय मिळते. दुसरा दोष आकाशवाणीला विशेष भोवतो. अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत पंधरा मिनिटांच्या चौकटीत किमान पाच मिनिटे ऐकले, तरच ती चौकट केंद्राच्या खात्यात जमा होते. ७ वाजून १० मिनिटांनी सुरू होणारे दहा मिनिटांचे बातमीपत्र दोन चौकटींत पाच-पाच मिनिटे पडते, म्हणून अर्ध्या तासाचे श्रेय मिळवते. तेच बातमीपत्र ७ वाजता ठेवले तर पाव तासच मिळतो. तीन मिनिटांचा हवामान अंदाज तेवढ्यापुरता ऐकून रेडिओ बंद करणारा कोळी किंवा शेतकरी या हिशोबात शून्य ठरतो.

लहरींची गल्लत तर सर्वांत मोठी आहे. एकच कार्यक्रम मिडियम वेव्हवर, एफएम सहक्षेपणावर (तोच कार्यक्रम उचलून पुढे देणाऱ्या केंद्रांवर) आणि मोबाइल अॅपवर चालतो. श्रोता लिहितो 'आकाशवाणी'. लहरीची लांबी मीटरमध्ये आणि वारंवारता किलोहर्ट्झमध्ये सांगून सभा, म्हणजे दिवसातले प्रसारणाचे एक सत्र, सुरू करायची आकाशवाणीची जुनी रीत होती. पुण्याचे ३७८.८ मीटर आणि ७९२ किलोहर्ट्झ त्यामुळेच ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहत. आज श्रोत्याला आपण कुठल्या पट्ट्यावर आहोत हे माहीत असण्याचे कारणच उरलेले नाही. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर अॅपच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध झालेल्या आहेत, पण त्या सर्व्हरने मोजलेल्या जोडण्यांच्या आहेत. हवेतली लहर पकडणाऱ्या संचाची नोंद कुठल्याही सर्व्हरवर होत नाही.

म्हणून मोजणी अशी व्हावी. 'साधारणपणे कुठले केंद्र ऐकता?' हा प्रश्नच काढून टाकावा. 'काल' एवढेच विचारावे आणि पहाटे ५ ते रात्री ११ असा दिवस पाव-पाव तासांनी उलगडावा. केंद्राचे नाव विचारण्याऐवजी संकेतधून किंवा निवेदकाचा आवाज ऐकवावा. मग संच पाहायला मागावा. पट्ट्याचे बटण कुठे आहे, काटा कुठे थांबला आहे, सेल घातलेले आहेत का, एरियल मोडलेली आहे का, या चार नोंदींतून जे कळते ते प्रश्नावलीच्या चार पानांतून कळत नाही. गोठा, पिठाची गिरणी, टपरी, होडी या घराबाहेरच्या जागा नमुन्यात घ्याव्यात, कारण तिथे एका संचाभोवती अनेक कान असतात. पेरणीच्या दिवसांत एक फेरी आणि रब्बीत दुसरी फेरी करावी. सणासुदीचा आठवडा मोजणीसाठी घेऊ नये.

आणि प्रत्येक आकड्याशेजारी प्रक्षेपकाची नोंदवही ठेवावी. आमच्या मते ही या पत्रातली सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. प्रक्षेपक सुट्या भागांअभावी निम्म्या शक्तीवर चालत असेल, जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा चोरीला गेल्या असतील, दुपारची सभा आठवड्यातून दोनदा बुडत असेल, तर श्रोते कमी होणारच. मिडियम वेव्हच्या मनोऱ्याभोवती साधारण १२० तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात. ७९२ किलोहर्ट्झसाठी प्रत्येक तार सुमारे ९५ मीटर लांब लागते. त्यातल्या बऱ्याच गेल्या तर प्रक्षेपकाचा मीटर पूर्ण शक्ती दाखवत राहतो आणि ती शक्ती मातीत मुरते. लोकांना नको झाले म्हणून त्यांनी रेडिओ सोडला की ऐकू येईना म्हणून सोडला, हे फक्त या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावरच कळते. सध्या दोन्हींना 'घटती श्रोतृसंख्या' असे एकच नाव दिले जाते.

विजेचा खर्च खरा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. १०० किलोवॉटचा आधुनिक मिडियम वेव्ह प्रक्षेपक ८५ टक्के कार्यक्षमतेने दिवसाला १८ तास चालला, तर केवळ वाहक लहरीसाठी (आवाज जिच्यावर चढवला जातो ती लहर) सुमारे २,१०० युनिट लागतात. १० किलोवॉटच्या एफएम प्रक्षेपकाला तेवढ्याच वेळात साधारण २६० युनिट पुरतात. पण चालू आणि बंद यांच्यामध्ये बरीच जागा आहे. शक्ती १०० वरून २० किलोवॉटवर आणली तर लहरीची तीव्रता एक पंचमांश होत नाही, ती ४५ टक्के उरते, कारण तीव्रता शक्तीच्या वर्गमुळाने बदलते. आवाजानुसार वाहक लहर कमी-जास्त करणारी यंत्रणा आधुनिक प्रक्षेपकांत बसवता येते आणि तिने वीज लक्षणीय वाचते. हे दोन्ही करून पाहिल्याशिवाय मनोरा उतरवू नये. एकदा उतरवला आणि जागा गेली की तो परत उभा राहत नाही.

आता एफएमची पोच पाहू. २८ एप्रिल २०२३ रोजी १८ राज्ये व २ केंद्रशासित प्रदेशांत १०० वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकदम सुरू झाले. स्वागतार्ह पाऊल होते ते. पण १०० वॉट मिडियम वेव्हची जागा घेऊ शकत नाही. एफएम लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. एरियल ३० मीटर उंच आणि श्रोत्याचा संच दीड मीटरवर असेल तर रेडिओ क्षितिज सुमारे २८ किलोमीटरवर संपते, एरियल १०० मीटरवर नेली तर ४६ किलोमीटरवर. हे सपाट जमिनीचे गणित आहे, आणि त्यातही १०० वॉटची लहर क्षितिजापर्यंत जोमदार राहत नाही. सह्याद्रीत डोंगराची एक सोंड आडवी आली की पलीकडची वाडी कोरडी. मिडियम वेव्हची भूलहर मात्र जमिनीला धरून डोंगर ओलांडते, आणि खाऱ्या पाण्यावरून तर सर्वांत लांब जाते. रत्नागिरीच्या ११४३ किलोहर्ट्झचे मोल म्हणूनच किनाऱ्यापासून दूर गेलेल्या होडीवर कळते.

तेव्हा प्रक्षेपक बदलण्यापूर्वी गाडीत मीटर ठेवून रस्तोरस्ती तीव्रता मोजावी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या निकषानुसार ग्रामीण भागात मोनोसाठी ४८ आणि स्टिरिओसाठी ५४ डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर हवेत, पण हे माप १० मीटर उंचीवरचे आहे. कमरेएवढ्या उंचीवर धरलेल्या मोबाइलला त्याहून बराच कमी संकेत मिळतो. नकाशावर हिरवा दिसणारा भाग प्रत्यक्षात खरखरतो तो यामुळे. १०० वॉटची सहक्षेपण केंद्रे मोनोवरच चालवावीत. बोलक्या कार्यक्रमांना स्टिरिओचा उपयोग नाही, उलट प्रक्षेपणाच्या कडेवरच्या श्रोत्याला त्याने वीस डेसिबलच्या आसपास जास्त खरखर सोसावी लागते. आरडीएस (एफएम लहरीबरोबर मजकुराची माहिती पाठवणारी यंत्रणा) सुरू करून पर्यायी वारंवारतांची यादी पाठवली, तर ते वाचू शकणारा गाडीचा रेडिओ पुढच्या केंद्रावर आपोआप सरकेल. बहुतेक सहक्षेपण केंद्रांवर रात्रंदिवस माणूस नसतो. वीज गेली की ती गप्प होतात, आणि वीज वादळातच जाते. प्रक्षेपक आणि उपग्रहावरून कार्यक्रम घेणारा संच मिळून ३०० वॉट धरले तर १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या निम्म्यापर्यंत वापरून आठ तास निघतात. निविदेत ही एक ओळ घालायला हरकत नसावी.

मोबाइलमधला एफएम बंद ठेवू नये, अशी सूचना एप्रिल २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने उत्पादकांना केली. ती सूचनाच आहे, बंधन नाही. ते बंधन व्हावे. एफएमसाठी इअरफोनची तार एरियल म्हणून लागते आणि नव्या फोनमधून ती तार घालायचे छिद्रच नाहीसे होत आहे, हेही ध्यानात घ्यावे.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१६ साली रेडिओच्या श्रोता-मापनाबद्दल शिफारशी केल्या होत्या. त्यांच्यावर काय झाले हे मंत्रालयाने जाहीर करावे, आणि आकाशवाणीच्या श्रोता संशोधन कक्षांना त्या कामात पुन्हा उभे करावे. त्यांना जिल्हा माहीत आहे, बोली माहीत आहे.

एखाद्या केंद्राची मोजणी होऊन तिथे एफएम खरोखर पोहोचते असे सिद्ध झाले, तर मिडियम वेव्ह जरूर बंद करा. पण त्याआधी सहा महिने दोन्ही लहरी सोबत चालू ठेवा. प्रत्येक सभेच्या आरंभी आणि शेवटी मिडियम वेव्हवरूनच नवी वारंवारता सांगा, तीही फक्त 'एफएमवर ऐका' एवढी नको. संचाचे बटण कुठल्या बाजूला सरकवायचे, एरियल किती बाहेर काढायची, काटा कुठल्या आकड्यांच्या मध्ये आणायचा, हे सगळे सांगा. एक दूरध्वनी क्रमांक द्या, आणि 'इथे लागत नाही' असे सांगणाऱ्या प्रत्येकाच्या गावाचे नाव लिहून घ्या. त्या गावांत मोजमापाची गाडी जाऊन येईपर्यंत बंद करण्याची तारीख ठरवू नका.

आपले विश्वासू,
रेडिओ प्रक्षेपण आणि श्रोता-मापन या क्षेत्रांतील काही कार्यकर्ते, महाराष्ट्र