सायकलचं सगळं नीट सांगते

नाशिक

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मी सायकल चालवायला लागल्यापासून तो विषय निघाला की तू फोन बाबांकडे देतेस आणि बाबा "सांभाळून गं" एवढं म्हणून ठेवून देतात. तुमच्या दोघांच्या मनात काय चाललंय ते मला कळतं, पण फोनवर धड सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी कारण सांगते. गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझी एचबीएवनसी ६.२ आली. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी, आणि ६.५ पासून पुढे मधुमेहच. त्या वेळी मी तुम्हाला फक्त "साखर थोडी जास्त आहे" एवढंच सांगितलं होतं. आई, आजीच्या पायाची जखम तू महिनोन् महिने धुतलीस. शाळेतून आले की तुझा हात आणि डेटॉलचा वास, हेच मला आठवतं. बाबांच्या गोळ्यांची वेळ मी लांबून सांभाळते आहे. तो कागद हातात आला तेव्हा हे सगळं डोळ्यापुढून गेलं, आणि त्याच आठवड्यात मी ठरवलं की आता बसून राहायचं नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालायला लागले तर टाच धरली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ यायची. मग त्यांनीच सायकल सुचवली. सायकलवर अंगाचं वजन सीटवर आणि हातांवर जातं, टाचेवर आपटत नाही, आणि तरी मांड्यांचे मोठे स्नायू भरपूर काम करतात. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि व्यायाम थांबल्यावरही काही तास हा फायदा टिकतो. मांडीइतके मोठे स्नायू अंगात दुसरीकडे फार नाहीत, म्हणून ते फिरते ठेवायचे, असं डॉक्टरांनी समजावलं. सुरू करायच्या आधी त्यांनी रक्तदाब आणि ईसीजी दोन्ही बघून घेतलं. आई, हे तुझ्यासाठी लिहिते आहे.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे. हरिपूरहून मार्केट यार्डातल्या पेढीवर तुम्ही रोज सायकलने जायचात. हळदीचा हंगाम असला की रात्री उशिरा परत, चिंचांच्या झाडांखालून, डायनॅमोच्या उजेडात. त्याला व्यायाम म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. ते कामाला जाणं होतं. माझा दिवस तसा नाही. घराखाली स्कूटर, ऑफिसात लिफ्ट, दिवसभर खुर्ची, आणि घरी आल्यावर लेकाच्या दहावीचा अभ्यास, तोही खुर्चीतच. तुमच्या दिवसात जी मेहनत आपोआप होती, ती मला माझ्या दिवसात ठरवून घालावी लागते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमचं तेवढं बहुधा बुधवारपर्यंतच होत असेल.

लहानपणी शिकलेली सायकल अंग विसरत नाही म्हणतात, आणि तोल खरंच पहिल्याच वळणावर परत आला. शाळेनंतर हात लावला नव्हता, तरी हँडल कुठे वळवायचं ते हातांना ठाऊक होतं. छातीचं आणि मांड्यांचं तसं नव्हतं. गंगापूर रोडचे साधे चढसुद्धा दम काढायचे. मग एका ताईंनी मला गिअरचं गणित शिकवलं. त्या साठीच्या आहेत आणि रोज सकाळी चालवतात. चढ समोर आला की चढाला लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा, आणि जोर लावून पेडल दाबण्यापेक्षा पाय भरभर फिरवायचे, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. गुडघ्यावर ताण कमी येतो आणि दम पुरतो. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत धाप लागली की तो मध्यम व्यायाम. त्यापुढे जायची मला सध्या गरज नाही.

बाबा, तुमची काळी हर्क्युलस वीस किलोच्या घरात होती, पुढचा ब्रेक सळीचा. माझी तेरा-चौदा किलोची आहे. हायब्रिड म्हणतात, म्हणजे टायर रेसच्या सायकलीपेक्षा रुंद आणि हँडल सरळ, त्यामुळे पाठ फार वाकवावी लागत नाही. घेतली तेव्हा दुकानात सीट खाली ठेवून दिली होती, दोन्ही पाय जमिनीला पुरतील अशी. आपल्याकडे सगळ्यांना तेच सुरक्षित वाटतं. पण सीट खाली असली की गुडघा सारखा दुमडलेला राहतो आणि वाटीपाशी दुखायला लागतं. फार वर असली तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते. पेडल अगदी तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी उंची हवी. ती बदलल्यावर माझं दुखणं थांबलं. थांबायचं असलं की सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, एवढी सवय केली की झालं. सुरुवातीला बूड दुखतं, ते काही आठवड्यांत जातं.

पंक्चर तुम्ही शिकवलं होतंत ते कामी येतंय. घमेल्यात पाणी, ट्यूब दाबून बुडबुडे बघायचे, सँडपेपरने घासून सोल्यूशन लावायचं आणि ते वाळेपर्यंत धीर धरायचा. तुम्ही प्रत्येक वेळी "धीर धर" म्हणायचात, ते मी आता माझ्या लेकाला म्हणते. वाटेत घमेलं नसतं, म्हणून जवळ जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि हातपंप ठेवते. ट्यूब तिथे बदलायची, ठिगळ घरी आल्यावर.

आई, आता तुझी काळजी. मी उजाडताना निघते आणि रस्ते भरायच्या आत घरी असते. मुंबई-आग्रा महामार्गावर जात नाही. सातपूरला कंपन्यांच्या शिफ्ट सुटतात तो रस्ता घेत नाही. सोमेश्वरपर्यंत, कधी पुढे गंगापूर धरणाच्या बाजूला, आणि सुटीच्या दिवशी आम्ही काही जणी मिळून गिरणाऱ्याकडे. टोमॅटोच्या हंगामात त्या रस्त्यावर क्रेट भरलेल्या पिकअप वाढतात, तेव्हा सोमेश्वरहूनच परत फिरते. हेल्मेटशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, दोन्ही दिवसाही चालू. कानात काही घालत नाही, कारण मागून येणारी गाडी आधी कानांना कळते. रस्त्याच्या अगदी कडेला, खडीत चालवत नाही. कडेपासून हातभर आत असलं की गाडीवाल्यांना आपण दिसतो, आणि उभ्या गाडीपासून दाराएवढं अंतर ठेवलं की दार उघडलं तरी वाचतो. कुत्री मागे लागली तर मी पळवत नाही. उतरते, सायकल मध्ये धरते आणि हळू चालत पुढे जाते. पाऊस जोराचा असला तर घरीच थांबते.

कपड्यांचं तू विचारलं नाहीस, पण मनात आहे हे मला माहीत आहे. आत गादी शिवलेली सायकलची पँट असते, घासून कातडं सोलू नये म्हणून. वरून मी सैल ट्रॅक पँट घालते आणि लांब बाह्यांचा भडक पोपटी शर्ट. तो रंग लांबून दिसावा म्हणूनच आहे. त्या वेळी रस्त्यावर दूधवाले, पेपरवाले आणि फिरायला निघालेल्या बायका असतात. त्यातल्या दोघी थांबून सीटची उंची विचारून गेल्या. मला फार बरं वाटलं.

नाशिकमध्ये सायकल चालवणाऱ्या मोठ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही, हेही खरं. इथले डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ २०१५ साली अमेरिकेतल्या रेस अॅक्रॉस अमेरिका या शर्यतीत उतरले. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जवळपास ४,८०० किलोमीटर. दोघांनी आळीपाळीने चालवत ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आषाढीच्या निमित्ताने इथून पंढरपूरला सायकलची वारीही निघते, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आई, तुझ्यासारख्या माळकरी घरातल्या बायकाही तीत असतात. मला एकदा ती करायची आहे. यंदा नाही, अंगात तेवढं बळ आल्यावर. जायचं ठरलं तर तुम्ही दोघं सांगलीहून पंढरपूरला या, दर्शन एकत्र घेऊ.

फरक काय पडला? एचबीएवनसी ५.८ वर आली आहे. रात्रीचा भात मीही कमी केला आहे, त्यामुळे सगळं श्रेय सायकलला देत नाही. वजन फारसं उतरलेलं नाही, पण झोप लागते, आणि चौथ्या मजल्यावर सिलेंडरवाल्याच्या आधी पोचते. टाच जवळजवळ थांबली. एक गोष्ट मात्र सायकलने होत नाही. हाडांवर भार येत नाही, म्हणून ती त्यामुळे बळकट होत नाहीत. माझ्या वयाच्या बाईला ते सोडून चालणार नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा घरीच उठाबशा आणि डंबेल करते. आई, हे तुलाही लागू आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, सावकाश, दहा वेळा. शेजारी भिंत असू दे, आणि पहिले काही दिवस बाबा जवळ उभे राहतील.

आणि बाबा, मुख्य सांगायचं ते हे. तुम्ही आता रस्त्यावर सायकल काढू नका. ती काढायची तुमची इच्छा मला कळते, ती माडीखाली पुसून ठेवलेली असते तेही मला ठाऊक आहे. पण या वयात पडणं परवडत नाही. मात्र घरात एका जागी ठेवायची सायकल असते. गुडघ्याची झीज असलेल्या माणसांना हलक्या भारावर ती चालवायला फिजिओथेरपिस्ट सांगतात, कारण सांध्यावर वजन न येता तो फिरता राहतो. पुढच्या वेळी हाडांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा: माझ्या गुडघ्याला चालेल का, किती मिनिटांपासून सुरू करू, पाठ टेकायची घेऊ का साधी? साखरेच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण तुमच्या गोळ्यांपैकी एकीने व्यायामानंतर साखर खाली जाऊ शकते. उपाशीपोटी बसायचं नाही आणि खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी ठेवायची.

तुम्ही दोघं माझ्यासाठी घाबरता, मी तुमच्यासाठी. तुम्हाला धरून दवाखान्याचे जिने चढायची वेळ आली तर माझ्या पायांत बळ असायला हवं, हे मी रोज चढावर मनात म्हणते.

डॉक्टर हो म्हणाले तर मी दिवाळीला येईन तेव्हा सांगलीतच सायकल बघू. मी इथून पाठवणार नाही. सीटची उंची तुम्हाला बसवूनच लावून घ्यायची आहे. तोपर्यंत बाबांचा मागचा रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो शेजारच्या मुलाकडून मला पाठवा.

तुमची,
लेक