सॅम्पलर द्या, पण रिकामा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका सांस्कृतिक मंडळाने मुलांसाठी ध्वनिमुद्रणाची छोटी खोली उभी करायचं ठरवलं आहे. संगणक आला, मायक्रोफोन आले, आणि आता सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावरून कमिटीत दोन तट पडले आहेत. एका गटाला 'सगळं आत असलेलं' हवं, म्हणजे पियानोपासून सतारीपर्यंत शेकडो वाद्यं आयती मिळणारं. दुसरा गट म्हणतो, आपल्याकडे पेटी आहे, पखवाज आहे, वाजवणारे आहेत. मग ती खोटी वाद्यं कशाला? नुसतं रेकॉर्ड करणारं स्वस्तातलं घ्या. मी फोंड्याला पेटी शिकवते आणि घरातल्या एका खोलीत भजनी मंडळांची, शाळांची, फुगडी पथकांची रेकॉर्डिंग करते, म्हणून मला विचारलं. माझं उत्तर दोन्ही गटांना आवडलेलं नाही. पण असाच पेच उद्या गोव्यातल्या इतर मंडळांना आणि शाळांनाही पडणार आहे, तेव्हा ते इथे मांडते.

दोन्ही गट दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. सॅम्पलर हे एक यंत्र आहे आणि वाद्यांचं भांडार हा त्यात भरायचा माल आहे. खऱ्या वाद्याचा एकेक आघात, एकेक सूर रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये ठेवायचा, कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजतो. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचं असं यंत्र निघालं, तेव्हा ते मोजक्या श्रीमंत स्टुडिओंनाच परवडायचं. आज तेच काम करणारा भाग लहानशा सॉफ्टवेअरच्या पोटात मावतो. हा भाग प्रत्येक संगीत-सॉफ्टवेअरमध्ये असलाच पाहिजे, अगदी सगळ्यांत स्वस्त आवृत्तीतसुद्धा. भांडार मात्र गळ्यात मारू नये. ज्याला हवं तो वेगळं उतरवून घेईल.

असं मी का म्हणते, त्याचं कारण आमच्या वर्गातच आहे. लहानपणापासून वाड्यावरच्या आरत्यांना घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, वाजवणारा एक मुलगा माझ्याकडे पेटी शिकायला येतो. त्याला मी असंच एक 'भरलेलं' सॉफ्टवेअर दाखवलं. तालवाद्यांची यादी तो वरपासून खालपर्यंत वाचत गेला आणि म्हणाला, "टीचर, हातूंत घुमट ना?" नव्हतंच. घुमटाच्या साथीचं शामेळ नव्हतं, कासाळे म्हणजे झांजाही नव्हत्या. आफ्रिकेतले, क्युबातले, जपानमधले ढोल मात्र ओळीने होते.

यात नवल काही नाही. १९९१ मध्ये वाद्यकंपन्यांनी 'जनरल मिडी' म्हणून वाद्यांची एक ठरावीक यादी मान्य केली. त्यातल्या १२८ आवाजांत १०५ क्रमांकावर सतार आहे, ११२ क्रमांकावर शहनाई आहे, आणि आपला विषय तिथेच संपतो. तालवाद्यांचा त्यात वेगळा तक्ता आहे. त्यात बोंगो, काँगा, मराकस आहेत, ब्राझीलच्या कुईकाला तर दोन जागा आहेत. तबल्याला एकही नाही. मृदंगालाही नाही. माझ्या पेटीच्या सर्वांत जवळचं म्हणजे २१ क्रमांकाचं 'रीड ऑर्गन', ते युरोपातलं. तबल्याला पुढे बाजारात भरपूर जागा मिळाली, हे खरं. पण जिथे तबल्याला थांबावं लागलं, तिथे घुमटाची वाट कोण बघणार? कंपनी भांडार भरते ते गिऱ्हाईक मोजून. आपण गोवेकर मोजणीत येत नाही, याचा राग धरण्यात अर्थ नाही.

म्हणून मला कंपनीकडून घुमट नकोच आहे. मला घुमट भरायला जागा हवी. आज बहुतेक सॉफ्टवेअरचं होतं असं, की तयार मसाल्याची पाकिटं फडताळभर आणि स्वतःचं वाटण करायला रगडाच नाही. किंवा आहे तो वरच्या किमतीच्या आवृत्तीत. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. त्यातला पूर्ण सॅम्पलर सगळ्यांत महाग 'सूट' आवृत्तीबरोबरच मिळतो. त्याखालच्या आवृत्तीत 'सिम्पलर' येतो, त्यात एका वेळी एकच रेकॉर्डिंग घालता येतं. कोन्टाक्ट नावाच्या सॅम्पलरचा प्लेअर, म्हणजे तयार वाद्यं नुसती वाजवणारी आवृत्ती, फुकट आहे, पण कंपनीचा परवाना नसलेली वाद्यं तो पंधरा मिनिटं वाजवतो आणि मग गप्प होतो. ॲपलच्या लॉजिक प्रोमध्ये सॅम्पलर चांगला आहे, हे मान्य. पण त्याचं सगळं भांडार उतरवायचं तर ७२ जीबी जागा लागते. आमच्याकडे पावसात वीज आणि इंटरनेट कसं चालतं ते मी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, घुमट एकदा वाजवून रेकॉर्ड केलं आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवला तर चालणार नाही का? नाही चालणार. मातीच्या त्या भांड्याला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड मोकळं. एक हात चामड्यावर पडतो आणि दुसरा लहान तोंड झाकतो, उघडतो, अर्धवट धरतो. आतली हवा जशी कोंडते-सुटते तसा तो घुमारा खालीवर होतो, आणि वाजवणाऱ्याची सगळी करामत त्या दुसऱ्या हातात असते. एकच तुकडा चिकटवलात तर घुमट वाजत नाही, कोणी दार ठोठावतंय असं वाटतं.

सॅम्पलरमध्ये हे बसवता येतं. लहान तोंड उघडं, अर्धं आणि बंद अशा तीन अवस्था धरा. प्रत्येक अवस्थेत हलक्यापासून जोरदारपर्यंत चार दाबांचे आघात. प्रत्येक दाबाचे चार वेगवेगळे आघात, म्हणजे एकामागून एक वाजताना तोच आवाज दोनदा कानावर येत नाही. झाले ४८ आवाज. कीबोर्ड बोटाचा दाब १ ते १२७ अशा आकड्यांत कळवतो, त्यावरून सॅम्पलर दाब निवडतो. आणि डाव्या बाजूला जे मॉड्युलेशनचं चाक असतं त्यावर लहान तोंडाची उघडझाप लावायची. चाक फिरवणारा हात इथे तोंड झाकणाऱ्या हाताचं काम करतो, त्यामुळे घुमट येणाऱ्या मुलाला ते शिकवावं लागत नाही. चांगल्या दर्जाचं, प्रत्येकी दोन सेकंदांचं मोनो रेकॉर्डिंग धरलं तर ही सगळी ४८ रेकॉर्डिंग मिळून १४ एमबीच्या आत बसतात. मोबाईलवर चवथीच्या आरतीचा व्हिडिओ कोणी पाठवतं, तो यापेक्षा मोठा असतो.

आयत्या भांडारातल्या तुकड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. वाजवून ठेवलेले ठेके, म्हणजे 'लूप', चार-चारच्या हिशोबात घोटून बसवलेले असतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे तो त्या चौकटीत मावतो असं कागदावर वाटतं. पण गाणाऱ्याने अभंगाचं चरण ओढलं, टाळकरी चढले, की लूप जागचा हलत नाही. मग मुलं गाणंच लूपला बांधतात. गेल्या काही वर्षांत स्नेहसंमेलनांसाठी माझ्याकडे ज्या ट्रॅक आल्या, त्यांत निरनिराळ्या शाळांच्या गाण्यांत तोच तबला, तेच बासरीचं वळण ऐकलंय. पेटीच्या नावाखाली जे मिळतं त्यात पुष्कळदा दोन-चार सूरच खरे रेकॉर्ड केलेले असतात आणि बाकीचे ताणून किंवा दाबून काढलेले. वरच्या सप्तकात ती पेटी नाकात बोलते, आणि भात्याचा श्वास तर कुठेच नसतो. पेटी शिकवणारीला हे सहन होत नाही, हे मी आधीच कबूल करते.

पण 'खोटी वाद्यं कशाला' म्हणणाऱ्या गटाशीही मी सहमत नाही. फुगडीच्या सरावाला रोज संध्याकाळी वाजवणारे मिळत नाहीत; सगळे नोकरीवरून दमून येतात. नाटकाच्या तालमीला ऑर्गनवाला पहिल्या दिवसापासून बसवणं परवडत नाही. तिथे सॅम्पलर उपयोगी पडतो. आरतीला, स्पर्धेला, जत्रेच्या नाटकाला माणूसच हवा, आणि त्याला पैसेही नीट द्यायला हवेत. वादकांच्या पोटावर सॅम्पलरमुळे पाय येतो असं मला फारसं दिसलेलं नाही. पेन ड्राइव्हवरची आयती गाणी लावून कार्यक्रम उरकण्याची जी सवय लागली आहे, तिने जास्त नुकसान केलंय.

किमतीचा मुद्दा खरा आहे. सॅम्पलर आत घातला की सॉफ्टवेअर महाग होतं, असं कंपन्या सांगतात. पण रीपरसारखं १५ एमबीच्या आसपासचं सॉफ्टवेअर स्वतःचा सॅम्पलर बरोबर देतं आणि भांडार म्हणून जवळपास काहीच देत नाही. साठ दिवस वापरून बघता येतं, आणि व्यक्ती, शाळा किंवा ना-नफा संस्था असेल तर परवाना ६० डॉलरचा. त्याचा सॅम्पलर तसा किरकोळ आहे, घुमटासारखं वाद्य बसवायला त्याच्या कितीतरी प्रती मांडाव्या लागतात. त्यापेक्षा सफोर्झांडो नावाचा फुकट प्लेअर त्यात जोडला की काम सोपं होतं. मंडळाला मी हीच जोडी सुचवली आहे.

सफोर्झांडो सुचवण्यामागे दुसरंही कारण आहे. तो एसएफझेड फाइल वाचतो, आणि ती साधी लिहिलेली मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा: कुठलं रेकॉर्डिंग कुठल्या पट्टीवर, किती दाबाला, सगळं ओळीने दिसतं. कंपनी बंद पडली तरी ते वाचता येतं. गिगास्टुडिओ हा एकेकाळी सॅम्पलरचा राजा होता. २००८ मध्ये कंपनीने तो बंद केला आणि त्याच्यासाठी बनवलेली भांडारं लोकांच्या हातात तशीच राहिली. मी स्वतः विकत घेतलेलं एक तंतुवाद्यांचं भांडार संगणक बदलल्यावर उघडेना, तेव्हा विक्रेत्याने पुन्हा पैसे मागितले. आपल्या गावचं वाद्य अशा कुलपात ठेवायचं नसतं.

आणि गावचं वाद्य भरायचं कोणी? एकटीदुकटीने मी माझ्या खोलीत करीन, पण ते माझ्या खोलीपुरतं राहील. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मान्यतेचा कागद छान आहे. आता कला व संस्कृती संचालनालयाने किंवा कला अकादमीने घुमट, शामेळ, कासाळे आणि शिगम्याचे ढोल-ताशे वर सांगितलेल्या पद्धतीने रेकॉर्ड करून एसएफझेडमध्ये कोणालाही फुकट द्यावेत. खर्च एका जाहिरातीच्या फलकाइतकाही येणार नाही. दोन अटी मात्र हव्यात. वाजवणाऱ्याचं नाव फाइलीत लिहायचं आणि त्याला मानधन द्यायचं. आणि ते आवाज कोणी आपल्या विकाऊ भांडारात घालून 'एथनिक पर्कशन' म्हणून विकू नयेत, एवढं परवान्यात स्पष्ट हवं.

एक व्यवहाराची गोष्ट. घुमटाला पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आता घुमटाला बकऱ्याचं चामडं चढवतात, आणि हे चामडं पावसाळी हवेत सैल पडतं. तेव्हा रेकॉर्डिंग डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत व्हायला हवं. एकेका वाद्याला एक दिवस धरला, तर एका हंगामात सगळं उरकतं आणि पुढच्या चवथीच्या आत फाइली शाळांपर्यंत पोचतात. माइक कुठे ठेवायचा आणि लहान तोंडाचे तीन टप्पे कसे मोजायचे याचं टिपण माझ्याकडे तयार आहे. संचालनालयातून कोणी मागितलं तर आपल्या कार्यालयामार्फत पाठवीन.

आपली,
एक पेटी शिक्षिका, फोंडा