काकू, मी आळशी नव्हते, माझं रक्त कमी होतं

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्या गावच्या आशा, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका. हे सगळं तुमच्यासमोर बोलायला गेले असते तर तुम्ही "बरं बरं, अभ्यास कर" म्हणून पुढच्या घरी निघून गेला असता. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितेय. आता मी बारावीत आहे. माझ्या मागून येणाऱ्या मुलींनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मी नववीत असताना घरात आणि भावकीत माझ्याबद्दल एक मत पक्कं झालं होतं. पोरगी आळशी आहे, तिरसट आहे, तिचं डोकं अभ्यासात चालत नाही. शाळेतून एसटीनं घरी आले की मी दप्तर टाकून आडवी व्हायची, ती जेवायलाच उठायची. कुणी हाक मारली तरी अंगावर यायचं. भूमितीचं प्रमेय वाचायला घेतलं की तिसऱ्या ओळीपर्यंत पहिली ओळ विसरलेली असायची. "वयात आल्यावर पोरी अशाच होत्यात," असं आजी म्हणायची. मैदानावर एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "ललिता बाबरच्या तालुक्यातली ना गं तू?" मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. माण तालुक्यातल्या प्रत्येक पोरीला तिचं नाव पाठ आहे. मला मात्र मैदानाला एक फेरी मारताना दम लागायचा. त्याच वर्षी चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला गेलो, तेव्हा मुंगी घाटातून कावडी वर चढताना बघायला सगळे पुढे धावले आणि मी अर्ध्या वाटेत दगडावर बसून राहिले.

लोक काय म्हणतात याचं तेव्हा फारसं वाईट वाटायचं नाही. वाईट हे, की मला ते पटलं होतं. चौदा-पंधराव्या वर्षी आपण कोण, हे आपलं आपल्याला नीट ठाऊक नसतं. त्यामुळे कुणी हातात जे ठेवेल ते आपण आपलं म्हणून घेतो. मी स्वतःला मठ्ठ आणि चिडकी मुलगी म्हणून ओळखायला लागले होते. दहावी झाली की शिक्षण बास, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी आलाच नव्हता. वहिनीला सातवा महिना होता, तिची नोंद घ्यायला आला होता. मी ओट्यावर बसून पाटीवरची पेन्सिल चावत होते. मला तेव्हा पेन्सिल, कच्चे तांदूळ, पाऊस पडल्यावर ओली माती, असलंच काहीतरी खावंसं वाटायचं आणि ते मी लपवून खायची. तुम्ही वही मिटलीत आणि विचारलंत, "काय खातीयस गं?" मी मूठ मागे घेतली. तुम्ही रागावला नाहीत. जवळ येऊन अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढलीत, आतला रंग बघितलात, मग नखं बघितलीत. आणि आजीच्या समोर, आवाज जराही न उतरवता विचारलंत, "पाळी किती दिवस चालते? दिवसाला किती पॅड लागतात?"

आमच्या घरात हा प्रश्न त्याआधी कुणी मोठ्यानं विचारलेला नव्हता. आई सुद्धा "बाजूला बसलीस का" एवढंच विचारायची. तुम्ही बीपीबद्दल विचारावं तसं विचारलंत, म्हणून मलाही तसंच उत्तर देता आलं. मला वाटायचं, सगळ्यांनाच इतकं जातं. तसं नसतं हे मला तुमच्याकडून कळलं.

उपकेंद्रात सिस्टरनी बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. माझं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, 8.4 आलं. माझ्या वयाच्या मुलीला निदान 12 हवं, असं त्यांनी सांगितलं. मग तुम्ही आईला सोबत घेऊन मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलंत. डॉक्टरांनी रोजच्या लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली आणि पाळीच्या रक्तस्रावासाठी वेगळी तपासणी केली. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून आम्ही बहुतेक जणी दप्तरात टाकायचो, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, की शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. मळमळलं तर जेवणानंतर घे. पण जेवणावर लगेच चहा नको, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायला लावलंत. आजीला बाजूला घेऊन काय बोललात ते मला आजवर कळलं नाही, पण त्या आठवड्यापासून मी आणि आई पुरुषांचं झाल्यावर उरलेलं खायचं, ते बंद झालं. आमचं ताट सगळ्यांबरोबर वाढायला लागलं. मला गोळ्यांइतकंच ते महत्त्वाचं वाटतं.

काकू, रक्त वाढत गेलं तेव्हा नक्की काय झालं, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. आधी पेन्सिल खावीशी वाटणं थांबलं. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की दिवे लागून गेलेत आणि मी अजून जागी आहे, गणितं सोडवतेय आणि ती सुटतायत. चिडचिड गेली, तेव्हा मी थोडी भांबावले. म्हणजे ती चिडकी मुलगी मी नव्हतेच? मग मी कशी आहे? काही दिवस मी स्वतःकडे नव्या पाहुण्यासारखी बघत होते. मला वाद घालायला आवडतं. मला आकृत्या काढायला आवडतात, हृदयाची आकृती तर वर्गात मीच फळ्यावर काढते. आणि चारचौघांत मी अजूनही गप्प असते. एचबी 12 च्या वर गेलं तरी ते बदललं नाही. तेव्हा कळलं, की हा माझा स्वभाव आहे आणि मला तो आवडतो. आजार कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, हे मला तुमच्यामुळे समजलं.

पुढच्या वर्षी चैत्रात मी न थांबता शिखरावर गेले. आप्पा मागून "दमानं, दमानं" म्हणत होते.

अकरावीत जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघितले. 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींना रक्तक्षय होता. आमच्या बाकावर तिघी बसतो, म्हणजे त्यातल्या जवळपास दोघी. मला तो आकडा बघून रडू आलं. किती जणी स्वतःला आळशी समजून शाळा सोडत असतील! त्यांच्या ओट्यावर कुणीतरी वही मिटून थांबायला हवं.

आणि एक. 2024 च्या सुरुवातीला तुम्ही मानधनासाठी आझाद मैदानावर बसला होता, तेव्हा गावात काही जण "यांना काय काम असतं" म्हणत होते. मी तेव्हा शाळकरी होते, पण पारावरच्या माणसांना माझी गोष्ट सांगितली. त्यात पाळीचा शब्दही उच्चारला. आजी शेजारीच बसली होती, तिनं मला अडवलं नाही. 2005 पासून आशा गावोगाव फिरतायत आणि तुमच्या पायातल्या चपलेचे पैसेही त्यातून सुटत नाहीत, याचा मला राग आहे. तुमचं मानधन वेळेवर आणि पुरेसं मिळायलाच हवं.

माझी धाकटी बहीण आता सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिला पाळी आली. मी तिला सगळं सांगितलंय, पण ती अलीकडे जिना चढून आली की बसते. येत्या शनिवारी तिला घेऊन उपकेंद्रात येते. सकाळी दहाला तुम्ही असाल ना? नसाल तर आईच्या फोनवर कळवा.

तुमची,
वरच्या आळीतली मोठी