लाल टंगस्टनची ओळ खोड

कोल्हापूर,
रविवार संध्याकाळ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. आबा जेवून पडले होते, त्यांना उठवलं नाही. मीच चष्मा लावून वाचली. भोसरीत तुझा स्वतःचा गाळा, स्वतःचं मशीन, आणि आता स्वतः केलेली पहिली खरेदीची यादी! डोळे भरून आले. मग परत वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीशी, आर्गन वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये लावायच्या कांडीच्या ओळीशी, अडकले. ‘टंगस्टन लाल 2.4, एक बॉक्स.’

ती ओळ खोड. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो आई’ म्हणून विसरला असतास, म्हणून कागद घेऊन बसलेय.

तू लाल का लिहिलंस ते मला कळतं. उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये तू लहानपणापासून लालच बघितलंस. आणणारी मीच होते. तुझे आबा टॉर्च धरायचे आणि खरेदी, हिशेब, चलन, गेटपास सगळं माझ्याकडे. दुकानात गेलं की ‘आर्गनचं टंगस्टन द्या’ एवढंच म्हणायचं. दुकानदार लाल टोकाच्या दहा कांड्यांची डबी पुढं ठेवायचा. त्यालाही दुसरं ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

त्या लाल कांडीत सुमारे दोन टक्के थोरियमचा ऑक्साइड असतो. आपल्याकडं वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसं चालायची, त्यातली ती पांढरी जाळी आठवते? तिच्यातही हेच थोरियम असायचं. टंगस्टनमध्ये ते घालायचं कारण खरंच चांगलं आहे. त्यानं आर्क, म्हणजे टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, पटकन धरतो, टोक जास्त वेळ टिकतं आणि जास्त करंट सोसतं. पण थोरियम किरणोत्सारी आहे. कांडी हातात धरली, टॉर्चमध्ये लावली तर फारसं भय नाही, कारण तिचे अल्फा किरण कातडीच्या आत जात नाहीत. धोका आहे तो दगडावर टोक काढताना उडणाऱ्या धुळीचा. ती श्वासाबरोबर छातीत गेली की तिथंच राहते, आणि मग मध्ये कातडीची आडकाठी उरत नाही.

आणि बाळा, टोकं काढायचं काम माझं होतं. सकाळी आठ वाजता आबांच्या हाताशी दहा टोकं तयार पाहिजेत, म्हणून मी रोज बेंच ग्राइंडरवर बसायचे. तोंडाला पदर, बस. तू तेव्हा आठ-नऊ महिन्यांचा. तुझी झोळी त्याच शेडमध्ये, ग्राइंडरपासून दहा पावलांवर, पाइपांच्या रॅकला बांधलेली असायची. कारण घरी तुला बघायला कुणी नव्हतं.

हे मला समजलं ते तू सातवीत असताना. एका डेअरीच्या कामावर तपासणीला आलेल्या साहेबांनी आबांच्या डबीतली लाल टोकं बघितली आणि शांतपणे समजावून सांगितलं. घरी येऊन मी त्या रात्री जेवले नाही. तुला किंवा मला त्यानं काही झालं असं मी म्हणत नाही, देवाच्या दयेनं आपण धडधाकट आहोत. पण ठाऊक नसताना केलं ते वेगळं आणि ठाऊक असताना करणं वेगळं. तुझ्या गाळ्यावर उद्या पोरगी-पोरगा खेळायला येईल, मदतीला आयटीआयचं कुणी पोर येईल. त्यांच्यासाठी आजच ही सवय मोड.

त्याऐवजी निळं घे. निळ्या टोकात लॅन्थनमचा ऑक्साइड दोन टक्के, सोनेरीत दीड टक्का. दोन्ही चालतात. तुझं मशीन इन्व्हर्टरचं आहे, त्यावर निळं उत्तम धरतं. डीसीवर स्टेनलेस असो, माइल्ड स्टील असो, उद्या एसीवर अ‍ॅल्युमिनियमचं काम आलं तरी तीच डबी चालेल. आबांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणाले, टोक कमी वेळा काढावं लागतं. दुकानात करड्या टोकाचं सेरियमचं मिळेल, ते कमी करंटवर छान पेटतं. हिरवं म्हणजे शुद्ध टंगस्टन, ते जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर एसीनं अ‍ॅल्युमिनियम जोडणाऱ्यांसाठी. पांढरं झिर्कोनियमचं, तेही एसीचंच. तुला आत्ता यातलं काही नको. दुकानदार ‘मिक्स डबी’ देतो म्हणाला तर घेऊ नकोस.

आता माप. 2.4 मिलिमीटर जाडीची कांडी कशाला लिहिलीस? तुझं पहिलं काम दुधाच्या लाइनचं, पाइपची भिंत दीड ते दोन मिलिमीटर. करंट साठ-ऐंशी अँपिअरच्या पुढं जाणार नाही. तेवढ्याला 1.6 ची कांडी पुरते, ती साधारण दीडशे अँपिअरपर्यंत जाते. जाड कांडीला एवढा कमी करंट दिला की आर्क एका जागी थांबत नाही, इकडं-तिकडं नाचतो. पातळ पाइपावर तेवढ्यानंच भोक पडतं. माप बदललंस की टॉर्चमध्ये कांडी पकडणारी कॉलेट आणि कॉलेट बॉडीही 1.6 ची घ्यावी लागेल, ते विसरू नको. आधी टॉर्चवरचा नंबर बघ. 17, 18 आणि 26 नंबरच्या टॉर्चला हे सुटे भाग एकच चालतात. 9 आणि 20 ला वेगळे, लहान लागतात. मी एकदा नंबर न बघता वीस कॉलेट आणले होते, ते अजून माळ्यावर पडून आहेत.

डबी घेताना तिच्यावर ग्रेड आणि बॅच नंबर छापलेला आहे का बघ. टोक निळं दिसतंय एवढ्यावर भागत नाही. रंग काय, कुणीही लावू शकतो. आणि टोक नेहमी रंग नसलेल्या बाजूनं काढ. रंग घासून गेला की दोन महिन्यांनी डबीतल्या तुकड्यांत कुठला कुठला हे तुलाच ओळखू येणार नाही.

टोक काढण्याबद्दल दोनच गोष्टी सांगते, पण त्या सोडू नकोस. कांडी दगडावर उभी धरायची, म्हणजे घासल्याच्या रेघा टोकाच्या दिशेनं लांबीला आल्या पाहिजेत. आडवी धरून फिरवलीस तर टोकाभोवती कडी-कडीच्या रेघा उमटतात आणि आर्क त्यांवरून भरकटतो. निमुळता भाग कांडीच्या जाडीच्या दोन-अडीच पट लांब ठेव, आणि अगदी शेवटची सुईसारखी अणी किंचित बोथट कर, नाहीतर ती तुटून वितळलेल्या धातूत पडते. दुसरं म्हणजे टंगस्टनचा दगड वेगळा. त्यावर लोखंड घासायचं नाही, छिन्नी लावायची नाही. शक्य असेल तर डायमंडचं चाक घे. महाग वाटेल, पण टिकतं. निळ्यातही तोंडाला धुळीचा मास्क हवाच. धूळ ती धूळच.

फिलरच्या, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या रॉडच्या, ओळीत तू नुसतं ‘308’ लिहिलंस. तिथं 308एल लिही. त्या एका अक्षरावर आपलं एक आख्खं काम परत आलं होतं, म्हणून सांगते. एल म्हणजे कार्बन कमी, जास्तीत जास्त 0.03 टक्के. साध्या 308 मध्ये तो 0.08 पर्यंत असू शकतो. स्टेनलेस तापलं आणि साधारण 425 ते 850 अंश सेल्सिअसच्या मध्ये रेंगाळलं, की तो कार्बन क्रोमियमला पकडून धातूच्या कणांच्या कडेला बसतो. मग गंज रोखायला तिथं क्रोमियम उरत नाही. बाहेरून जॉइंट चांदीसारखा चमकतो आणि सहा महिन्यांनी त्याच्या कडेला तांबूस रेघ येते. दुधाच्या लाइनीतून धुण्यासाठी रोज कॉस्टिक जातं, नायट्रिक अ‍ॅसिड जातं, तिथं ही रेघ यायला वेळ लागत नाही. 304 ग्रेडच्या स्टेनलेस पाइपला 308एल, 316एल ला 316एल, आणि स्टेनलेसला साधं लोखंड जोडायचं असेल तर 309एल. चौथी गोष्ट लक्षात ठेवायची गरज नाही. रॉडच्या टोकाशी ग्रेड उमटवलेला असतो. वापरताना दुसऱ्या टोकाकडून संपव, म्हणजे उरलेला तुकडाही ओळखू येतो. टेस्ट सर्टिफिकेट मागून घे आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा नंबर, पाकिटाशी जुळवून बघ. दुकानदार हसला तरी उभा राहा. मी बाई म्हणून उभी राहायचे तेव्हा जास्त हसायचे, पण सर्टिफिकेट घेतल्याशिवाय मी पैसे मोजले नाहीत.

रॉडला हाताचं तेल लागू देऊ नको, आणि स्टेनलेसचा ब्रश फक्त स्टेनलेसलाच. पावसाळ्यात पाकीट उघडं टाकू नको.

टॉर्चच्या तोंडाचा, गॅस सोडणारा कप 6 नंबरचा घे. हा नंबर म्हणजे सोळाव्या भागातले इंच, म्हणजे तोंड साधारण साडेनऊ मिलिमीटर. दोन जास्त ठेव, ते पडले की फुटतातच.

आता आर्गन, जोडताना तापलेल्या धातूला हवेपासून झाकणारा गॅस. आबांचे उस्ताद या कामाला ‘हेलिआर्क’ म्हणायचे. 1941 च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला ही रीत काढली, तेव्हा हेलियम वापरला होता, त्याचं ते नाव. आपल्याकडं आर्गन मिळाला आणि कामालाच ‘आर्गन वेल्डिंग’ नाव पडलं. शुद्धता 99.995 टक्के किंवा वरची माग, आणि ती पावतीवर लिहून घे. मोठ्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर. मिनिटाला आठ लिटर सोडलंस तर साडेचौदा तास चालतो. पाइपच्या आतून पर्जिंग करशील, म्हणजे आत आर्गन सोडून हवा बाहेर काढशील, तो खर्च वेगळा, आणि तो करायचाच. आतून आर्गन नसला तर जोडाच्या मुळाशी काळं, खरखरीत फुलतं, त्यात दूध अडकतं आणि कितीही धुतलं तरी निघत नाही. तुझा हिशेब या तासांवर लाव, नाहीतर शनिवारी संध्याकाळी सिलिंडर संपून पार्टीसमोर मान खाली घालावी लागेल. सिलिंडर पूर्ण रिकामा करू नको, थोडा दाब ठेवूनच परत दे. जोडल्यावर साबणाच्या पाण्यानं गळती बघ. काम थांबवल्यावर टॉर्च लगेच उचलू नको. टोक थंड होईपर्यंत गॅस वाहू दे. नंतर टोक चांदीसारखं दिसलं तर ठीक, निळं-काळं झालं तर गॅस कमी पडतोय.

आणि हे तुझ्या आईला सगळ्यात महत्त्वाचं. आर्गनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. दुधाच्या टाकीत उतरून जोडायचं काम येईल तेव्हा तो तळाशी साचतो आणि हवा वर ढकलतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, झोप यावी तसा तो खाली बसतो. टाकीत एकट्यानं उतरायचं नाही. बाहेर माणूस उभा, कमरेला दोर, आत ब्लोअर, आणि ऑक्सिजन मोजायचा मीटर. मीटर 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की सगळं टाकून वर. मीटरचे पैसे नसतील तर मी देते, पण तो आल्याशिवाय टाकीचं काम घेऊ नकोस. पार्टी गेली तर जाऊ दे.

तुझी यादी मी नव्यानं लिहून सोबत वेगळ्या कागदावर जोडली आहे. त्यातला निळ्या 1.6 चा एक बॉक्स आणि दोन कप इथूनच उद्याच्या एसटीनं पार्सल करते. आपल्याकडची जुनी लाल टोकं मात्र मागू नकोस, ती डब्यात बंद करून ठेवली आहेत आणि तिथंच राहतील.

आबा उठले. मी काय लिहितेय ते विचारून, चहा घेत वाचून झालं त्यांचं. पोलॅरिटी लिही म्हणाले: डीसीवर टॉर्च निगेटिव्हला, अर्थ क्लॅम्प पॉझिटिव्हला. उलटं लावलं की टंगस्टनच वितळून टोकाला गोळा होतो. आणि पहिला जॉइंट झाला की पाइप आडवा कापून आतला फोटो पाठव म्हणाले. बाहेरचा नको.

तुझी,
आई