पृथ्वीराजाचा खरा विजयही सांगा

महोदय,

मी इतिहासाच्या शिकवण्या घेते. पृथ्वीराज चौहान म्हटला की मुलं एकच गोष्ट सांगतात: डोळे काढलेल्या राजाने गझनीत आवाजाच्या रोखाने बाण सोडून आक्रमक सुलतान मुहम्मद घोरीला ठार केले. ‘पृथ्वीराज रासो’ या जुन्या काव्यातली ही कथा मलाही प्रिय आहे, ऐकताना अंगावर काटा येतो. पण पुरवण्यांमध्ये ती इतिहास म्हणून छापू नका, ही कळकळीची विनंती. पृथ्वीराज तराईच्या लढाईत घोरीकडून हरला ११९२ मध्ये आणि त्यानंतर लवकरच मारला गेला. घोरी मारला गेला १२०६ मध्ये, आजच्या पाकिस्तानातल्या दमयक येथे. त्याच तराईवर ११९१ मध्ये काय घडले, हे मात्र मुलांना ठाऊकच नसते! दिल्लीच्या गोविंदराजाच्या भाल्याने घोरी घायाळ झाला, घोड्यावरून कोसळणार तोच एका खलजी सैनिकाने त्याला सावरून रणातून बाहेर काढले. पृथ्वीराजाचा हा विजय ठळक मथळ्याने छापा.

— एक शिक्षिका, सातारा