पूल टाळू नकोस

मस्कत

चि. संदेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

काल आईचा फोन झाला. बांद्याहून निघालेली कदंबाची बस तू हल्ली पुलाच्या अलीकडेच सोडतोस आणि बेतीहून फेरीबोटीने पणजी गाठतोस, हे तिच्याकडूनच कळलं. मांडवीच्या पुलावर बस अडकली, छाती धडधडली, हातापायांना मुंग्या आल्या, आता मरतो असं वाटलं, तेव्हापासूनचं हे. आई म्हणते, "कोणाची तरी नजर लागली असतली." मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, चांगलं झालं. तिच्या जिवाला तेवढाच थारा.

ईसीजी आणि थायरॉईड दोन्ही नॉर्मल आले, म्हणून हे लिहितेय: हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका आहे. छातीतली धडधड तपासल्याशिवाय 'मनाचं आहे' म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. पण आता दर आठवड्याला नवा ईसीजी काढत बसू नकोस. इथे रात्रपाळीला असे पेशंट येतात. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने बायकोचं मनगट घट्ट धरलेलं. रिपोर्ट समोर ठेवला तरी नजर मॉनिटरवरून हलत नाही.

होतं काय, तर शरीर अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक सोडतं आणि आपण भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून त्या मुंग्या आणि ती गरगर. झटका बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, ती पद्धत आता डॉक्टर सहसा सुचवत नाहीत.

क्लेअर वीक्स नावाच्या एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर होत्या (१९०३–१९९०). तरुणपणी त्यांनी स्वतः हीच धडधड सोसली होती. त्या म्हणत, पहिली भीती शरीर आपोआप देतं, दुसरी आपण तिच्यावर चढवतो. 'आलं परत, आता पडणार' ही ती दुसरी. पहिली आपल्या हातात नाही. दुसरीला खतपाणी मिळालं नाही की पहिलीही हळूहळू थंडावते.

आता तुझी फेरीबोट. ती बरी वाटते, कारण पूल टळतो. पण दर वेळी मेंदू हेच शिकतो की पूल खरंच धोक्याचा होता आणि उतरलो म्हणून वाचलो. उद्या फेरीबोटीत धडधडलं तर काय पोहत जाणार?

तेव्हा रविवारी, गर्दी नसताना, एखाद्या मित्राला घेऊन पूल पार कर. जा, परत ये, परत जा. मग एकटा. मग सकाळच्या ऑफिसच्या वेळेला, पूल तुंबलेला असताना. धडधड सुरू झाली तरी सीट सोडायची नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, खांदे सैल सोड, खाली कॅसिनोच्या बोटी दिसतात त्या बघ. धडधड घालवण्यासाठी नव्हे हं, ती असतानाच बसून राहायला शिकायचंय. आणि मला बसमधून फोन करायचा नाही. तोही फेरीबोटीचाच प्रकार.

कडक चहा कमी कर. दारूने संध्याकाळ निभते, पण दुसऱ्या दिवशी जीव आणखी घाबरा होतो. गोव्यात ती स्वस्त आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

महिन्याभरात फरक दिसला नाही, झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर थांबू नकोस. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहेच, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकटचा नंबर रात्रंदिवस चालतो. गोळ्या दिल्या तर घे, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. बाबा 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणतील, त्यांच्याशी मी बोलते.

सोमवारी पणजीच्या स्टँडवर उतरलास की मेसेज टाक. माझी ड्यूटी असेल, उत्तर उशिरा येईल.

तुझी,
ताई