शनिवारच्या भेटीबद्दल

पालक मंडळी, नमस्कार. मुलांच्या स्वमग्नतेबद्दल (ऑटिझम) बोलायला शाळेच्या मानसशास्त्रज्ञ मॅडम येत्या शनिवारी सकाळी १० वाजता खानापुरात आपल्या नेहमीच्या जागी भेटतील. बेळगावहून येतात, तेव्हा उशीर नको. मुलांना आणू नका. शेजारच्या कार्यालयात लग्न आहे, बँजोचा गोंगाट असणारच.

येताना जुनी फाईल आणा. शिवाय एका कागदावर लिहा, मूल कशाने बिथरतं आणि कशाने शांत होतं. मागे एका आईने लिहिलं होतं, घंटा झाली की पोरगा कान झाकून बाकाखाली बसतो. मॅडमनी त्याला घंटेआधी दोन मिनिटं बाहेर पडायची मुभा मिळवून दिली, दिवसभराचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावला. आता डबा संपवतो. निदान अर्धा तरी.

घरी मराठी आणि शाळेत कन्नड, हे आवर्जून सांगा. नाहीतर भाषेचं अडखळणं स्वमग्नतेच्या खात्यात जमा होतं!

स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. पण मॅडमचा अहवाल म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे, त्यासाठी सरकारी वैद्यकीय तपासणी वेगळी. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.